ब्राउझरची विंडो नीट चालत नसेल तर: दोषाच्या शोधापासून पर्यायी ब्राउझरच्या निवडीपर्यंत

ब्राउझरची विंडो उघडत नाही, उघडली तर पांढरीच राहते, टास्कबारवर दिसते पण पडद्यावर येत नाही, किंवा दर वेळी भलत्याच आकारात उघडते, अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी तोवर एक उपाय करून पाहिलेला असतो. ब्राउझर काढून टाकून पुन्हा नव्याने घातलेला असतो आणि फरक काहीच पडलेला नसतो. त्यामागचे कारण समजले, तर पुढचे अर्धे काम सोपे होते. ब्राउझर काढताना सहसा फक्त प्रोग्रॅम जातो. आपले बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्रॅम), सेटिंग्ज आणि विंडो शेवटची कुठे व किती आकारात होती याची नोंद ज्या फोल्डरमध्ये असते, ते ‘प्रोफाइल’ मागे तसेच राहते. क्रोम काढताना ब्राउझिंगचा डेटाही पुसायचा का, हे वेगळे विचारले जाते, आणि तिथे खूण केली नाही तर नवा क्रोम जुन्याच प्रोफाइलवर जाऊन बसतो. दोष प्रोफाइलमध्ये असेल, तर तो नव्या प्रोग्रॅमसोबत जसाच्या तसा परत येतो.

म्हणून उपायाआधी दोषाची जागा शोधावी, असा माझा आग्रह आहे. जागा चारच असतात: समोर उघडलेले वेबपान, आपले प्रोफाइल (यात एक्स्टेन्शनही आली), ब्राउझरचा प्रोग्रॅम, आणि त्याच्या खाली असलेली संगणकाची यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम, ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र उमटवणारी चिप चालवणारा प्रोग्रॅम) आणि मॉनिटर. ही जागा कळली की ब्राउझर बदलून फायदा होणार आहे की नाही, हेही आपोआप कळते.

पहिली दहा मिनिटे: दोषाची जागा

सुरुवातीला एक खबरदारी घ्यावी. एखादा अर्ज अर्धवट भरलेला असेल किंवा मोठा मजकूर लिहून झालेला असेल, तर तो निवडून, कॉपी करून दुसऱ्या ठिकाणी जतन करावा. पुढच्या चाचण्यांत विंडो बंद होऊ शकते, आणि बंद झालेला टॅब परत आणता आला तरी त्यात भरलेला मजकूर परत येईलच असे नाही.

आता तीच अडचण दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर येते का, ते पाहावे. एकाच संकेतस्थळावर येत असेल, तर आधी कंट्रोल+शिफ्ट+आर दाबून ते पान साठवलेल्या जुन्या फायली न वापरता पुन्हा मागवावे. सगळीकडे येत असेल, तर खासगी विंडो उघडावी. त्यासाठी क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल+शिफ्ट+एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+पी दाबावे लागते. खासगी विंडोत जुन्या कुकी, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, नसतात आणि आपण वेगळी परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेन्शनही चालत नाहीत. तिथे सारे सुरळीत चालले, तर दोष एक्स्टेन्शनमध्ये किंवा कुकीमध्ये आहे, हे जवळपास नक्की झाले.

खासगी विंडोतही अडचण कायम असेल, तर नवे प्रोफाइल तयार करून पाहावे. क्रोम आणि एजमध्ये उजवीकडे वर असलेल्या गोल चित्रावर क्लिक केले की नवे प्रोफाइल जोडण्याचा पर्याय मिळतो. या चाचणीसाठी खात्यात साइन-इन करू नये, कारण साइन-इन करताच जुनी एक्स्टेन्शन आणि सेटिंग्ज सिंक होऊन येतात आणि चाचणीला अर्थ उरत नाही. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. नव्या प्रोफाइलमध्ये विंडो नीट चालली, तर प्रोग्रॅम आणि यंत्रणा दोन्ही निर्दोष आहेत.

नवे प्रोफाइलही तसेच वागत असेल, तर दुसरा ब्राउझर उघडावा, आणि तो वेगळ्या इंजिनाचा असावा. इंजिन म्हणजे वेबपानाच्या सांकेतिक मजकुराचे दिसणाऱ्या पानात रूपांतर करणारा ब्राउझरचा गाभा. क्रोम, एज, ब्रेव्ह, ओपेरा आणि व्हिवाल्डी हे सारे क्रोमियम या एकाच प्रकल्पावर उभे आहेत आणि त्यांचे इंजिन ब्लिंक हेच आहे. त्यामुळे क्रोममध्ये दिसणारा दोष एजमध्येही दिसला, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. फायरफॉक्सचे इंजिन गेको हे आहे, तर सफारीचे वेबकिट. चाचणीसाठी यांतलाच एखादा घ्यावा. दोन वेगळ्या इंजिनांचे ब्राउझर सारख्याच रीतीने बिघडत असतील, तर यंत्रणेकडे, विशेषतः ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळावे.

टास्कबारवर दिसणारी, पण पडद्यावर नसलेली विंडो

एका बैठकीनंतर मी लॅपटॉपला जोडलेला प्रोजेक्टर काढला आणि परत जागेवर येऊन ब्राउझर उघडला, तेव्हा टास्कबारवर चिन्ह उजळले, त्याच्या छोट्या चित्रात पानही दिसत होते, पण पडद्यावर विंडो कुठेच नव्हती. ब्राउझरने तिची शेवटची जागा लक्षात ठेवली होती, आणि ती जागा आता अस्तित्वात नसलेल्या दुसऱ्या पडद्यावर होती. सहसा यंत्रणा अशी विंडो आपण होऊन मुख्य पडद्यावर आणते, पण नेहमीच आणते असे नाही. दोन मॉनिटर वापरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग कधी ना कधी येतो.

विंडोज संगणकावर पुढील क्रमाने जावे. टास्कबारवरील चिन्हावर क्लिक करून ती विंडो कार्यरत करावी आणि ऑल्ट+स्पेस दाबावे. त्या विंडोचा छोटा मेनू उघडतो. तो पडद्याबाहेर उघडला असेल तर आपल्याला दिसणार नाही, पण तो उघडलेला असतो, त्यामुळे न डगमगता एम हे अक्षर दाबावे. आता बाणांच्या चार कळांपैकी कोणतीही एक कळ फक्त एकदा दाबावी, आणि नंतर कोणतेही बटण न दाबता माऊस हलवावा. बाणाची कळ एकदा दाबताच विंडो माऊसच्या टोकाला चिकटते, त्यामुळे माऊस पडद्याच्या मधोमध आणला की ती सोबत येते. योग्य जागी आली की क्लिक करावे. बाणाची कळ दाबायची राहून गेली, तर माऊस कितीही हलवला तरी काही होत नाही, आणि उपाय फसला असे समजून लोक इथेच थांबतात.

ऑल्ट+स्पेस ही जोडी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःकडे घेतलेली असू शकते. तसे असेल तर टास्कबारवरील चिन्हावर माऊस थांबवावा, वर येणाऱ्या छोट्या चित्रावर उजवी क्लिक करावी आणि ‘मूव्ह’ निवडावे. ‘मूव्ह’ फिकट दिसत असेल, तर विंडो मॅक्सिमाइझ किंवा मिनिमाइझ अवस्थेत आहे. आधी ‘रिस्टोअर’ निवडावे. दुसरा मॉनिटर अजून जोडलेला पण बंद असेल, तर विंडोज+शिफ्ट+डावा किंवा उजवा बाण दाबून विंडो एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेता येते.

लिनक्स वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडो पडद्यावर दाखवण्याच्या नव्या वेलँड पद्धतीत आपली विंडो पडद्यावर नेमकी कुठे उघडायची, हे प्रोग्रॅमला स्वतः ठरवता येत नाही. ते काम डेस्कटॉपचा विंडो मॅनेजर करतो. त्यामुळे ब्राउझर जुन्या जागी उघडत नाही म्हणून ब्राउझरची सेटिंग्ज धुंडाळण्यात वेळ घालवू नये. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये विंडोंसाठी नियम ठरवण्याची सोय असेल, तर ती वापरावी.

विंडो दर वेळी फार लहान किंवा चुकीच्या आकारात उघडत असेल, तर आधी साधा उपाय करावा. ब्राउझरच्या बाकीच्या सगळ्या विंडो बंद करून एकच ठेवावी, तिला हवा तो आकार द्यावा आणि ती नेहमीच्या रीतीने बंद करावी, कारण बहुधा शेवटी बंद होणाऱ्या विंडोचाच आकार पुढच्या वेळेसाठी जपला जातो. फायरफॉक्समध्ये एवढ्याने भागले नाही, तर ‘हेल्प’ मेनूतील ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून प्रोफाइलचे फोल्डर उघडावे, फायरफॉक्स पूर्ण बंद करावा आणि त्या फोल्डरमधील एक्सयूएलस्टोअर नावाच्या जेसन फाइलचे नाव बदलावे. विंडोंच्या आकारांची व जागांची नोंद याच फाइलमध्ये असते. पुढच्या वेळी ती नव्याने तयार होते आणि बुकमार्क किंवा पासवर्ड यांना धक्का लागत नाही.

चिन्हावर क्लिक करूनही काहीच होत नाही

अशा वेळी ब्राउझर बहुधा आधीच चालू असतो, पण विंडोशिवाय. मागच्या वेळी तो अर्धवट बंद झालेला असतो, आणि नवी क्लिक त्या अडकलेल्या प्रक्रियेकडेच जाते. कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझरच्या नावाच्या सगळ्या प्रक्रिया संपवाव्यात आणि पुन्हा सुरू करून पाहावे. हे वारंवार होत असेल, तर क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’ या भागात जाऊन ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर चालू राहण्याचा पर्याय बंद करावा. एजमध्ये त्याच स्वरूपाचा ‘स्टार्टअप बूस्ट’ हा पर्यायही असतो.

एकच प्रोफाइल एकाच वेळी दोनदा उघडले जाऊ नये म्हणून ब्राउझर त्या फोल्डरला कुलूप लावतो, म्हणजे एक छोटी खूण ठेवतो. ब्राउझर अचानक बंद पडला किंवा लिनक्सवर संपूर्ण होम फोल्डर दुसऱ्या संगणकावर उचलून नेले, तर ती खूण मागे राहू शकते आणि प्रोफाइल दुसरीकडे वापरात असल्याचा संदेश येतो. एकही प्रक्रिया चालू नाही याची खात्री करूनच ही खूण काढावी. क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरमध्ये लिनक्सवर तिचे नाव सिंगलटन-लॉक असे असते, तर विंडोजवरील फायरफॉक्समध्ये पॅरेंट-लॉक असे. प्रक्रिया चालू असताना ती काढली, तर प्रोफाइल खराब होण्याचा धोका खरा आहे.

पांढरी, काळी किंवा लुकलुकणारी विंडो

विंडो उघडते, तिची चौकट दिसते, पण आत पांढरा किंवा काळा पडदा असतो. कधी मेनू दिसतात पण पान दिसत नाही. कधी माऊस फिरवला की तेवढाच भाग रंगतो. या लक्षणांचा संबंध बहुतेक वेळा ग्राफिक्सशी असतो. आजचे ब्राउझर पान रंगवण्याचे काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे सोपवतात, आणि ड्रायव्हरमध्ये दोष असेल तर तो सर्वांत आधी ब्राउझरच्या विंडोत उमटतो. ड्रायव्हर नुकताच अद्ययावत झाला असेल किंवा यंत्रणेचे मोठे अपडेट आले असेल, तर संशय आणखी बळावतो.

विंडोजवर सुरुवातीला विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडे प्रोग्रॅम यामुळे बंद होत नाहीत. एवढ्याने विंडो परत आली, तर दोष कुठे आहे ते कळले, मात्र तो मिटला असे धरून चालू नये.

पुढची पायरी म्हणजे ब्राउझरला ग्राफिक्स चिपचा वापर थांबवायला सांगणे. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टम’, आणि तिथे ‘युज ग्राफिक्स ॲक्सलरेशन व्हेन अव्हेलेबल’ हा पर्याय बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. एजमध्येही हा पर्याय सिस्टमशी संबंधित भागातच असतो. फायरफॉक्समध्ये तो कामगिरीच्या, म्हणजे ‘परफॉर्मन्स’च्या सेटिंग्जमध्ये मिळतो, आधी शिफारस केलेल्या सेटिंग्जची खूण काढली की तो दिसू लागतो.

पण विंडोच काळी असेल तर सेटिंग्जपर्यंत पोहोचायचे कसे? क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरसाठी डेस्कटॉपवरील शॉर्टकटवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडाव्यात. ‘टार्गेट’ या चौकटीतील मजकुराच्या अगदी शेवटी, अवतरणचिन्ह असेल तर त्याच्या बाहेर, एक जागा मोकळी सोडावी. मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून डिसेबल-जीपीयू हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत लिहावेत. या दोन शब्दांमधली आडवी रेघही लिहायची असते. ब्राउझर पूर्ण बंद असतानाच या शॉर्टकटवरून तो सुरू करावा. पार्श्वभूमीवर एखादी प्रक्रिया जिवंत असेल, तर ही सूचना वाचलीच जात नाही. फायरफॉक्समध्ये शिफ्ट कळ दाबून धरून तो सुरू केला, की ‘ट्रबलशूट मोड’ विचारला जातो. या अवस्थेत एक्स्टेन्शन, थीम आणि हार्डवेअर ॲक्सलरेशन (ग्राफिक्स चिपचा वापर) हे सारे तात्पुरते बंद राहते.

ग्राफिक्स चिपचा वापर बंद केल्यावर विंडो सुधारली, तरी कायम तसेच चालू ठेवू नये. व्हिडिओ पाहताना प्रोसेसरवर ताण येतो, लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. ग्राफिक्स चिप किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घालावा, किंवा त्रास नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक’चा पर्याय वापरून आधीच्या ड्रायव्हरवर जावे, आणि मग तो पर्याय पुन्हा चालू करून पाहावा.

चौकट, पट्ट्या आणि धूसर अक्षरे

ॲड्रेस बार आणि टॅब अचानक नाहीसे झाले, तर बहुधा चुकून एफ११ दाबले गेलेले असते. ती कळ पुन्हा दाबावी. मॅकवर याचसाठी कंट्रोल+कमांड+एफ आहे. पान अवाढव्य किंवा अगदी बारीक दिसत असेल, तर कंट्रोल+शून्य दाबून झूम मूळ पदावर आणावा. झूम प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा लक्षात ठेवला जातो, म्हणून एकच संकेतस्थळ मोठे दिसते आणि बाकीची नेहमीसारखी.

विंडो पकडून हलवायला वर जागाच उरत नाही, ही तक्रार टॅबची संख्या वाढली की येते. फायरफॉक्समध्ये टूलबारवर उजवी क्लिक करून ‘कस्टमाइझ टूलबार’ निवडले, की खाली डावीकडे ‘टायटल बार’ची चौकट असते. लिनक्सवरील क्रोममध्ये यंत्रणेची टायटल बार वापरण्याचा पर्याय ‘अपिअरन्स’ या भागात आहे.

नको असलेल्या विंडो आणि हव्या असून न उघडणाऱ्या विंडो

या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच नियम आहे. वापरकर्त्याने स्वतः क्लिक केल्याशिवाय संकेतस्थळाने उघडलेली नवी विंडो ब्राउझर सहसा अडवतो. काही संकेतस्थळे क्लिकनंतर सर्व्हरकडून उत्तर येण्याची वाट पाहून मग विंडो उघडतात, आणि तोवर क्लिकशी असलेला तिचा संबंध तुटल्यामुळे तीही अडवली जाते. पावती, विवरणपत्र किंवा पैसे भरण्याची विंडो न उघडण्यामागे हे कारण फार वेळा असते. क्रोम व एजमध्ये ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला छोटे चिन्ह येते, तर फायरफॉक्समध्ये पानाच्या वर एक पट्टी येते. तिथून फक्त त्या संकेतस्थळाला परवानगी द्यावी. पॉप-अप रोखण्याची सोय सरसकट बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

नको असलेल्या विंडोंमध्ये सर्वांत घातक ती, जी सगळा पडदा व्यापून संगणकात व्हायरस असल्याचे सांगते, मोठा आवाज करते आणि एका क्रमांकावर फोन करायला लावते. ते निव्वळ एक वेबपान असते. संगणक त्याच्या ताब्यात गेलेला नसतो. जातो तो त्या क्रमांकावर फोन केल्यानंतर, समोरच्याच्या सांगण्यावरून आपण एखादा प्रोग्रॅम घातल्यावर. एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे पूर्ण पडदा सुटतो, आणि मग तो टॅब बंद करावा. तसे झाले नाही, तर ऑल्ट+एफ४ किंवा टास्क मॅनेजर वापरावा. ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर आधीची पाने परत आणायची का, असे विचारले जाईल. त्या वेळी नकार द्यावा, नाहीतर तेच पान परत उभे राहते. घरातील वयस्कर माणसांना हे समोर बसवून, कळ दाबून दाखवावे असे मला मनापासून वाटते, कारण भीतीच्या क्षणी वाचलेला सल्ला आठवत नाही, हाताने केलेली कृती आठवते.

कोपऱ्यात सतत उमटणाऱ्या जाहिरातींच्या चौकटी बऱ्याचदा पॉप-अप नसतातच. कधीतरी ‘अलाउ’वर क्लिक करून आपणच दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून त्या येतात. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये नोटिफिकेशनच्या परवानग्यांची यादी असते. तिथून अनोळखी नावे काढली की त्या थांबतात.

गोठलेली विंडो आणि एक्स्टेन्शनची निम्म्याने विभागणी

विंडो गोठत असेल, तर शिफ्ट+एस्केप दाबावे. विंडोज व लिनक्सवर क्रोम, एज आणि फायरफॉक्सचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन किती मेमरी व प्रोसेसर वापरत आहे, ते दिसते. तिथून एकच टॅब संपवता येतो.

संशय एक्स्टेन्शनवर असेल, तर एकेक बंद करत बसू नये. सगळ्यांपैकी निम्मी बंद करावीत. अडचण गेली तर दोषी बंद केलेल्या निम्म्यात आहे; राहिली तर चालू असलेल्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. दोषी एकच असेल, तर सोळा एक्स्टेन्शनमधून ते चार फेऱ्यांत सापडते. प्रत्येक फेरीनंतर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा आणि काय बंद केले ते कागदावर लिहावे.

हे सारे करूनही दोष प्रोफाइलमध्येच असल्याचे दिसले, तर सेटिंग्ज मूळ पदावर आणाव्यात. क्रोममधील ‘रिसेट सेटिंग्ज’ एक्स्टेन्शन बंद करते आणि कुकीसारखा तात्पुरता डेटा पुसते, पण बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड ठेवते. फायरफॉक्समधील ‘रिफ्रेश’ एक्स्टेन्शन काढून टाकते, बुकमार्क व पासवर्ड ठेवते आणि जुन्या प्रोफाइलची प्रत डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवते. ती प्रत महिनाभर तरी पुसू नये.

ब्राउझर बदलावा का

आता त्या चार जागांकडे परत येऊ. दोष वेबपानात असेल, तर वेगळ्या इंजिनाचा ब्राउझर उपयोगी पडेल, पण तो त्या एका कामापुरता हाताशी असला तरी पुरे. दोष प्रोफाइलमध्ये असेल, तर नव्या ब्राउझरमध्ये सारे सुरळीत वाटते. तो ब्राउझर अधिक चांगला असेलच असे नाही, त्याचे प्रोफाइल कोरे असते, आणि कोरे प्रोफाइल जुन्या ब्राउझरमध्येही मिळते. दोष यंत्रणेत असेल, तर नवा ब्राउझरही आज ना उद्या तसाच वागेल. मनापासून बदलावे अशी कारणे वेगळीच आहेत: ब्राउझरला सुरक्षा अपडेट मिळणे थांबले, गरजेचे एक्स्टेन्शन चालेनासे झाले, किंवा आपल्या कामाच्या पद्धतीला विंडो आणि टॅबची मांडणी पुरत नाही.

पहिले कारण सर्वांत गंभीर आहे. विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही होती, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून विंडोज १० किंवा त्यापुढची यंत्रणा लागते. अशा जुन्या संगणकासाठी फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती हा आधार राहिला आहे आणि तिची मुदत मूळ ठरलेल्या तारखेपुढे वाढवली गेली. तरीही तो तात्पुरता आधार आहे. तेवढ्या अवधीत यंत्रणा बदलण्याची किंवा त्या संगणकावर लिनक्स घालण्याची तयारी करावी. मुळात विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दुसऱ्या कारणाची चर्चा जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनमुळे झाली. क्रोमने एक्स्टेन्शनसाठी ‘मॅनिफेस्ट व्ही३’ ही नियमांची नवी चौकट आणली आणि २०२४ व २०२५ मध्ये जुन्या चौकटीवरील एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्याने बंद केली. यूब्लॉक ओरिजिन हे त्यांतलेच एक. फायरफॉक्सने जुनी चौकटही चालू ठेवली आहे. ब्रेव्हमध्ये जाहिराती रोखण्याची सोय ब्राउझरच्या आतच बांधलेली असल्याने ती एक्स्टेन्शनच्या नियमांवर अवलंबून नाही.

माझा स्वतःचा सल्ला असा, की मुख्य ब्राउझर क्रोमियमवरचा असेल, तर दुसरा फायरफॉक्स ठेवावा, आणि मुख्य फायरफॉक्स असेल तर दुसरा क्रोमियमवरचा. एजने जानेवारी २०२० मध्ये आणि ओपेराने २०१३ मध्ये स्वतःची इंजिने सोडून क्रोमियमचा मार्ग धरला, त्यामुळे क्रोमवरून एजवर जाणे म्हणजे मेनू आणि सोयी बदलणे. पान रंगवणारा गाभा तोच राहतो. एजची खरी गरज पडते ती इंटरनेट एक्सप्लोररसाठीच बनवलेली जुनी संकेतस्थळे चालवताना. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला असला, तरी एजमधील ‘आयई मोड’ त्या पानांसाठी शिल्लक आहे.

विंडोंच्या मांडणीची आवड असणाऱ्यांनी व्हिवाल्डी जरूर पाहावा. त्यात दोन-तीन टॅब निवडून एकाच विंडोत शेजारी शेजारी किंवा जाळीसारखे मांडता येतात, टॅबची पट्टी चारही बाजूंपैकी कुठेही नेता येते आणि टॅबचे थर लावता येतात. एका बाजूला मूळ दस्तऐवज आणि दुसऱ्या बाजूला अनुवाद उघडा ठेवणाऱ्यांना दोन विंडोंचे आकार जुळवत बसावे लागत नाही. मात्र सेटिंग्ज इतकी आहेत, की ज्यांना फक्त पाने वाचायची आहेत त्यांची दमछाक होईल. सफारी ॲपलच्या उपकरणांपुरताच आहे. विंडोजसाठीची त्याची आवृत्ती २०१२ नंतर पुढे आलीच नाही, त्यामुळे जुनी प्रत शोधून घालू नये. आयफोनवर ब्राउझर बदलला तरी बहुतेक देशांत इंजिन वेबकिटच राहते.

इतर लहान ब्राउझरपैकी कोणताही घेण्यापूर्वी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली, ते अवश्य पाहावे. क्रोमियम आणि फायरफॉक्समधील सुरक्षेच्या त्रुटी काही आठवड्यांच्या अंतराने दुरुस्त होत असतात. त्यांवर बेतलेला ब्राउझर तीन-चार महिने अपडेट झालेला नसेल, तर त्यातल्या उघड झालेल्या त्रुटी तशाच आहेत असे समजावे.

सामान हलवताना

नवा ब्राउझर फक्त त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा यंत्रणेच्या ॲप स्टोअरमधून घ्यावा. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी जाहिरात उघडू नये. पहिल्यांदा उघडल्यावर जुन्या ब्राउझरमधून माहिती आणायची का, असे विचारले जाते आणि बुकमार्क व इतिहास त्यातून सहज येतात. तरी बुकमार्कची एक एचटीएमएल प्रत वेगळी काढून ठेवावी. पासवर्ड थेट आले नाहीत, तर जुन्या ब्राउझरमधून सीएसव्ही फाइल काढून ती नव्यात घ्यावी लागते. या फाइलमध्ये सगळे पासवर्ड कोणालाही वाचता येतील असे उघडे लिहिलेले असतात, म्हणून ती ईमेलने पाठवू नये, क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नये, आणि काम होताच पुसून रीसायकल बिनमधूनही काढावी. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन वापरून प्रवेश देणाऱ्या डिजिटल किल्ल्या, या फाइलमध्ये येत नाहीत. ज्या खात्यांत पासकीने प्रवेश करता, त्यांची यादी करून प्रत्येकात नव्या ब्राउझरमधून एकदा प्रवेश करून पाहावा.

यानंतर दोन आठवडे दोन्ही ब्राउझर शेजारी ठेवावेत आणि रोजची सगळी कामे नव्यात करावीत: छपाई, व्हिडिओ कॉल, पैसे भरणे, कार्यालयाचे संकेतस्थळ, देवनागरी टंकलेखन. विंडो बंद करून उघडल्यावर ती आकार आणि जागा लक्षात ठेवते का, दुसरा मॉनिटर काढल्यावर कुठे जाते, तेही याच काळात तपासावे. समाधान झाले की विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’ या मार्गाने, आणि मॅकवर ‘सिस्टम सेटिंग्ज’मधील ‘डेस्कटॉप अँड डॉक’मध्ये जाऊन नवा ब्राउझर मुख्य म्हणून नेमावा. जुना ब्राउझर काढायचाच असेल, तर आधी त्यातील सिंक बंद करून खात्यातून साइन-आउट करावे. मग काढताना डेटा पुसण्याच्या चौकटीत या वेळी मात्र विचारपूर्वक खूण करावी, म्हणजे ते प्रोफाइल मागे राहत नाही.